ना ओळख ना पाळख: पहिल्या नोकरीसाठी लिंक्डइन कसं वापरावं

"आपलं तिथे कोणी ओळखीचं नाही." पुण्या-मुंबईतल्या नोकरीचा विषय निघाला की आमच्या घरात हे वाक्य हमखास यायचं. वडील खोटं बोलत नव्हते. तालुक्याच्या गावात आमच्या ओळखी म्हणजे शाळेतले गुरुजी, तलाठी, कृषी सेवा केंद्रवाले आणि एसटीत असलेले दोन चुलते. डिप्लोमानंतर कोणत्या कंपनीत कसलं काम असतं, त्यासाठी काय काय यावं लागतं, सुरुवातीला पगार किती मिळतो, हे सांगू शकेल असं त्यांत एकही माणूस नव्हतं. पुढे डिग्रीला पुण्यात आले, तेव्हा वर्गात शेजारी बसणाऱ्या चिंचवडच्या मुलीला हे सगळं आधीच ठाऊक होतं. तिचे वडील, मामा, खालच्या मजल्यावरचे काका, सगळे कारखान्यांत. जी माहिती मला दोन वर्षं धडपडून मिळाली, ती तिच्या कानावर रात्रीच्या जेवणाच्या ताटावर पडत होती.

आता मी एका इंजिनिअरिंग कंपनीत डिझाइनचं काम करते आणि लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-व्यवसायातल्या ओळखी जोडायच्या साइटवर, मला दर आठवड्याला विद्यार्थ्यांचे पाच-सहा तरी मेसेज येतात. बहुतेक एकाच साच्यातले: 'डिअर सर, आय ॲम अ फ्रेशर, प्लीज रेफर मी फॉर एनी जॉब.' सोबत रेझ्युमे जोडलेला. प्रोफाइलवर माझं नाव आहे, फोटो आहे, तरीही 'सर'. म्हणजे नावही न वाचता तोच मजकूर पन्नास जणांना गेलेला असतो. मला राग येत नाही, वाईट वाटतं. त्या मेसेजमागची घालमेल मी भोगलेली आहे. पण त्याला उत्तर काय द्यायचं, हे खरंच कळत नाही. ज्या मुलाबद्दल मला काहीच माहीत नाही, त्याच्यासाठी 'कोणतीही नोकरी' मी कुठे शोधू?

अशा मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

वशिला वेगळा, ओळख वेगळी

आपल्याकडे 'ओळख लागते' असं म्हणताना बहुतेकांच्या मनात वशिला असतो. वशिला म्हणजे आतल्या माणसाने तुम्हाला परीक्षेशिवाय पुढे सरकवणं. ओळखीचं खरं काम त्याहून साधं आहे: तुमच्यापर्यंत एरवी न पोचणारी माहिती ती पोचवते. जागा निघणार आहे, अमुक सॉफ्टवेअर येणाऱ्यांना मागणी आहे, तमुक कंपनीत फ्रेशरला वर्षभर नुसतं बसवून ठेवतात, अशी माहिती.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला, तो यावरच आहे. बोस्टनजवळच्या एका गावात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती अशा लोकांना त्याने विचारलं, की त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही त्या काळात कितीदा भेटत होता? वारंवार भेटत होतो, असं म्हणणारे १७ टक्क्यांहून कमी निघाले. निम्म्याहून जास्त लोक म्हणाले, अधूनमधून. आणि चौथ्या हिश्शाहून जास्त लोक तर त्या माणसाला क्वचितच भेटत होते. म्हणजे नोकरीची खबर जिवलग मित्राकडून कमी आणि लांबच्या ओळखीकडून जास्त आली.

हे ऐकायला उलटं वाटतं, पण हॉस्टेलच्या खोलीत नजर टाकली की पटतं. चार रूममेट, चौघांचं कॉलेज एक, प्लेसमेंट सेलचा व्हॉट्सॲप ग्रुप एक. ग्रुपवर एखाद्या कंपनीच्या भरतीची (ड्राइव्हची) सूचना आली की चौघांना एकाच मिनिटाला कळते. त्यांच्यापैकी कोणीही दुसऱ्याला नवीन काही सांगू शकत नाही, कारण सगळ्यांची विहीर एकच आहे. चार वर्षांपूर्वी पास झालेला, तुम्ही एकदाच गॅदरिंगला पाहिलेला सिनियर मात्र वेगळ्या विहिरीवर पाणी भरतो.

२०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात याच कल्पनेची मोठी तपासणी आली. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांना पाच वर्षं 'तुम्ही यांना ओळखत असाल' या सदरात वेगवेगळ्या प्रकारच्या ओळखी सुचवल्या गेल्या आणि पुढे कोणाला कुठे नोकरी मिळाली ते पाहिलं गेलं. लांबच्या ओळखी जास्त उपयोगी पडतात हे खरं ठरलं, पण एक मेख निघाली. अगदीच परका माणूस फारसा उपयोगाचा नाही. सगळ्यात उपयोगी ठरले मधले लोक, ज्यांच्यात आणि तुमच्यात दहाच्या आसपास सामाईक ओळखी आहेत असे. आपल्या भाषेत सांगायचं तर सख्खे नव्हेत, पण अगदी तिऱ्हाईतही नव्हेत.

आता लिंक्डइन ही साइट काय करते ते समजणं सोपं होतं. तुम्ही ज्यांच्याशी थेट जोडलेले आहात ते पहिल्या पायरीवर, त्यांच्या ओळखीचे दुसऱ्या पायरीवर, त्यांच्या ओळखीचे तिसऱ्या. प्रत्येक नावापुढे हा आकडा दिसतो. वर्गातल्या साठ जणांना जोडून घेतलंत आणि त्यांतल्या प्रत्येकाला तुमच्या ओळखीबाहेरची नुसती वीस माणसं जोडलेली असली, तरी, त्यांतली बरीच नावं सामाईक धरूनही, काही शे माणसं दुसऱ्या पायरीवर येतात. चिंचवडच्या त्या मुलीचे मामा आणि काका आता तुम्हालाही दिसू लागतात. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली, २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची असलेली ही साइट आज भारतात दहा कोटींहून अधिक लोक वापरतात. वयाची अट सोळा वर्षं. खातं काढायला पैसे लागत नाहीत, आणि विद्यार्थ्याने पैसे भरून वरचं खातं घेण्याची गरज मला तरी वाटत नाही.

प्रोफाइल कोण वाचतं?

आधी यंत्र वाचतं, मग माणूस. आमच्याकडच्या भरती करणाऱ्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसून मी हे पाहिलं आहे. त्या शोधाच्या चौकटीत 'सॉलिडवर्क्स' (यंत्राचे भाग संगणकावर काढायचं सॉफ्टवेअर) टाकतात, गाव 'पुणे' निवडतात, पास होण्याचं साल निवडतात. जी नावं खाली येतात त्यांतली पहिली काही उघडतात. तुमच्या प्रोफाइलमध्ये 'सॉलिडवर्क्स' हा शब्दच नसेल, तर तुम्हाला ते कितीही चांगलं येत असो, तुम्ही त्या यादीत नाही.

म्हणून नावाखालच्या ओळीत नुसतं 'स्टुडंट' लिहून जागा वाया घालवू नका. तिथे २२० अक्षरं बसतात. 'बीकॉम तिसरं वर्ष, टॅली, जीएसटी रिटर्न, एक्सेल, अहिल्यानगर' एवढं लिहिलं तरी शोधणाऱ्याला काहीतरी सापडतं. साइट मराठीतूनही वापरता येते, पण कौशल्यांची नावं इंग्रजीतच लिहा, कारण शोधणारे ती इंग्रजीतच टाइप करतात.

"पण मॅडम, माझ्याकडे अनुभवच नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, आणि ते बहुतेक वेळा खरं नसतं. एका मुलाला जरा खोदून विचारलं तर तो दीड वर्षं गावातल्या कर सल्लागाराकडे संध्याकाळी बसून दुकानदारांची बिलं टॅलीत भरत होता. ते त्याला अनुभव वाटलं नाही, कारण तिथे ओळखपत्र नव्हतं. वडिलांच्या दुकानाचा हिशेब, एनएसएसच्या शिबिरात केलेलं घरोघरचं सर्वेक्षण, कॉलेजच्या स्पर्धेसाठी गोळा केलेली वर्गणी आणि तिचा चोख हिशेब, शेतात बसवलेलं ठिबक, हे सगळं काम आहे. ते आकड्यांत लिहा: किती दुकानं, किती घरं, किती महिने. जे केलं नाही ते मात्र लिहू नका. मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

फोटोसाठी स्टुडिओत जायला नको. दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीपुढे, मित्राने मोबाइलवर काढलेला, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो पुरतो. लग्नातल्या फोटोतून स्वतःला कापून काढू नका, खांद्यावर कोणाचा तरी हात राहतो.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांनी गिटहबवर आणि डिझाइनवाल्यांनी बिहॅन्सवर आपलं काम ठेवून त्याचा पत्ता प्रोफाइलमध्ये द्यावा. त्यांच्या बाबतीत काम पाहिलं जातं, वर्णन नंतर.

माजी विद्यार्थ्यांचं पान

या साइटवर विद्यार्थ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची जागा कोणती, असं मला विचाराल तर ती नोकऱ्यांची यादी नाही. ती आहे तुमच्या कॉलेजचं पान. ते उघडलं की त्यात माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथे तुमच्याच कॉलेजातून बाहेर पडलेले लोक कुठे राहतात, कोणत्या कंपनीत आहेत, कसलं काम करतात, काय शिकले, याची वर्गवारी तयार मिळते. एखाद्या गटावर बोट ठेवलं की खाली नावं येतात. कॉलेज लहान असेल, पान ओस पडलेलं असेल, तर विद्यापीठाचं पान उघडा आणि तिथे विषयाने शोधा.

पहिले काही दिवस कोणालाही मेसेज करू नका. नुसतं वाचा. वीस जणांची प्रोफाइल उघडा आणि प्रत्येकाचा प्रवास खालून वर वाचत जा, म्हणजे पहिली नोकरी आधी. आज तो माणूस कुठे आहे याला तुमच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. कॉलेजातून निघाल्यावर पहिलं पाऊल कुठे पडलं, ते महत्त्वाचं.

समजा कोल्हापूरचा बीएस्सी केमिस्ट्रीचा विद्यार्थी आहे. त्याच्या डोळ्यांपुढे दोनच वाटा असतात: एमपीएससी, नाहीतर 'कुठेतरी कंपनीत केमिस्ट'. माजी विद्यार्थ्यांची यादी उघडल्यावर त्याला दिसतं, की कोणी कुरकुंभच्या किंवा लोट्याच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलमध्ये लागलं, कोणी औषधांच्या मंजुरीची कागदपत्रं तयार करणाऱ्या रेग्युलेटरी विभागात गेलं, कोणी क्लिनिकल रिसर्चच्या डेटावर काम करतं, कोणी पेटंटचे मसुदे तपासतं. यांतल्या दोन कामांची नावंही त्याने आधी ऐकलेली नसतात. हा नकाशा हातात आला की 'कोणतीही नोकरी' हे शब्द आपोआप गळून पडतात. मला माझ्या विसाव्या वर्षी हा नकाशा कोणी दाखवला असता तर माझी दोन वर्षं वाचली असती, असं मला मनापासून वाटतं.

मेसेज कसा लिहायचा

बिनपैशाच्या खात्यात जोडणीची विनंती पाठवताना सोबत लिहायच्या मजकुराला अक्षरांची मर्यादा असते आणि असे मोजकेच मजकूर महिन्याला पाठवता येतात. एकदा समोरच्याने विनंती स्वीकारली की मोकळेपणाने लिहिता येतं. म्हणून विनंतीत एवढंच: आपण एकाच कॉलेजचे, मला दोन प्रश्न विचारायचे आहेत. पुढचं नंतर.

मला आलेल्या शेकडो मेसेजपैकी एक चांगला लक्षात आहे. मुलगी जळगावकडे शिकत होती. तिने लिहिलं होतं:

'नमस्कार मॅडम. मी तुमच्याच पॉलिटेक्निकची, मेकॅनिकल, आता डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला. तुम्ही डिप्लोमानंतर आधी टूलरूममध्ये होता आणि मग डिझाइनला गेलात, हे वाचलं. मलाही डिझाइनमध्ये यायचं आहे. टूलरूमचा पुढे उपयोग झाला का? आणि सॉलिडवर्क्स येत असेल तर त्यानंतर काय शिकावं? वेळ मिळेल तेव्हा सांगा, घाई नाही.'

टूलरूम म्हणजे कारखान्यातला साचे आणि हत्यारं बनवायचा विभाग. तिच्या मेसेजचं उत्तर द्यायला मला पाच मिनिटं लागली आणि आनंद झाला. तिने माझं प्रोफाइल वाचलं होतं. प्रश्न असे होते की त्यांची उत्तरं माझ्यापाशीच होती, गुगलवर नव्हती. आणि तिने नोकरी मागितली नव्हती. नोकरी मागितली की समोरच्यापुढे दोनच पर्याय उरतात, हो किंवा नाही, आणि परक्याला 'हो' म्हणणं कोणालाच जमत नाही. माहिती मागितली की कोणीही बोलतं, आपल्या कामाबद्दल बोलायला बहुतेकांना आवडतं.

मी तिला सांगितलं, जीडी अँड टी शीक. यंत्राच्या भागाच्या आकारात आणि मापात किती फरक चालेल, ते ड्रॉइंगवर चिन्हांनी लिहायची ती पद्धत. बरेच जण इथपर्यंत 'थँक यू मॅडम' लिहून गायब होतात. ती तीन आठवड्यांनी परत आली. एका वर्कशॉपमधल्या पंपाचं झाकण व्हर्नियरने मोजून तिने त्याचं ड्रॉइंग केलं होतं, ते पाठवलं. त्यात दोन चुका होत्या, मी सांगितल्या, तिने दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. सांगितलेलं करून पाहणं आणि काय झालं ते कळवणं, एवढ्यानेच ती माझ्यासाठी परकी उरली नाही.

पुढे आमच्याकडे जागा निघाली तेव्हा मला तिची आठवण आली. तिची निवड झाली नाही. दुसऱ्या फेरीत ती अडली. पण सहा महिन्यांनी ती दुसऱ्या कंपनीत क्वालिटीला लागली, आणि त्या जागेची माहिती तिला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पोस्टमधून मिळाली होती. मी त्या पोस्टला प्रतिक्रिया दिली होती, म्हणून ती तिच्या पडद्यावर आली. दुसऱ्या पायरीवरचा माणूस.

'डिअर सर/मॅडम' असं दोन्ही एकदम लिहू नका. नाव वाचा आणि एक काय ते लिहा. सिनियर दोन-चार वर्षांनीच मोठा असेल, एकाच कॉलेजचा असेल, तर 'दादा', 'ताई' म्हटलेलं मला तरी चालतं. मराठी माणसाला मराठीत लिहायला संकोच करू नका. मोडक्या इंग्रजीपेक्षा नीट मराठीतला प्रश्न जास्त चांगला पोचतो.

रेफरल म्हणजे नेमकं काय

बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्याला आतल्या पोर्टलवर एखाद्या उमेदवाराचं नाव सुचवता येतं. निवड झाली तर काही ठिकाणी त्या कर्मचाऱ्याला बक्षीस रक्कमही मिळते. यामुळे होतं एवढंच, की तुमचा रेझ्युमे ढिगाऱ्यात न जाता कोणीतरी लवकर उघडतं. पुढची चाचणी, मुलाखत सगळी तुमचीच. वशिल्याशी याचा संबंध नाही.

नाव सुचवताना अनेकदा एक रकाना असतो: या उमेदवाराला तुम्ही कसं ओळखता? अनोळखी मुलाच्या मेसेजला मी उत्तर देऊ शकत नाही ते या रकान्यामुळे. जळगावच्या मुलीसाठी तो मी दोन मिनिटांत भरला होता. तेव्हा रेफरल मागायची वेळ येईल त्या वेळी तीन गोष्टी एकत्र द्या: नेमक्या जागेचा क्रमांक, त्या जागेसाठी तुम्ही का योग्य आहात हे सांगणाऱ्या तीन ओळी, आणि रेझ्युमे. समोरच्याचं टायपिंग वाचतं, आणि नकार दिला तरी तो राग धरत नाही.

पोस्ट टाकण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रमाणपत्रांचे फोटो एकामागून एक टाकून काही साधत नाही. प्रोजेक्ट करताना काय बिघडलं आणि कसं सुटलं, हे महिन्यातून एकदा लिहिलंत तरी पुष्कळ.

फसवणूक

इथे जरा थांबून वाचा, कारण पहिली नोकरी शोधणारा माणूस सहज जाळ्यात सापडतो. नोकरीसाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचा खर्च, पडताळणीचे पैसे, नाव काहीही असो. चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मोठ्या कंपनीचं नाव सांगून साध्या जीमेलवरून आलेलं ऑफर लेटर, टेलिग्रामवर नुसती टाइप करून घेतलेली मुलाखत, 'हॉटेलांना रेटिंग द्या आणि घरबसल्या कमवा' अशी कामं, हे सगळं त्याच जातीचं. ऑफरची खात्री होण्याआधी आधार, पॅन, बँकेच्या कागदांच्या प्रती पाठवू नका. कंपनीच्या मूळ वेबसाइटवर जाऊन ती जागा तिथे दिसते का, ते बघा.

परदेशातल्या डेटा एंट्रीच्या भरघोस पगाराला तर फारच जपा. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमार आणि कंबोडियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडून काम करायला लावल्याचे प्रकार घडले आहेत. परदेशी पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

मुलींसाठी आणखी थोडं. करिअरच्या नावाखाली फोटोचं कौतुक करणारे, रात्री फोन नंबर मागणारे भेटतात. त्यांना उत्तर देण्याचं बंधन तुमच्यावर नाही, ते कितीही मोठ्या हुद्द्यावर असले तरी. ब्लॉक करा, तक्रार नोंदवा. फोन नंबर आणि जन्मतारीख सगळ्यांना दिसणार नाही अशी व्यवस्था सेटिंगमध्ये करून ठेवा.

जिथे ही साइट फारशी चालत नाही

लहान कारखाने, वर्कशॉप, तालुक्याची रुग्णालयं, बांधकामाच्या साइट इथली भरती अजूनही फाटकावरच्या पाटीवर आणि तोंडी होते. आयटीआयच्या मुलाने लिंक्डइनवर महिना घालवण्यापेक्षा अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर आधी नोंदणी करावी. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली, तीस किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि त्यांना विद्यावेतनही द्यावं लागतं. डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्स आणि मुख्यतः आयटीआयवाल्यांसाठी नॅप्स अशी दोन पोर्टलं आहेत. तिथे कंपनीचं नाव दिसलं की मग लिंक्डइन उघडा आणि त्या कंपनीत आधी अप्रेंटिस राहिलेलं आपल्या कॉलेजचं कोणी आहे का, ते शोधा. त्या वर्षभरात मशिनवर हात बसला का, की नुसत्या फाइली हलवायला लावल्या, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ते तिथे राहून आलेलाच सांगेल.